आयफेल टॉवरला कोणी उतरलं नाही

मॅडम प्रवासाला निघाल्या की आपण कुठे चाललोय हे त्यांना माहीत नसायचं. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही, खरंच नसायचं. विमान कुठल्या शहरात उतरणार आणि परतीचं कुठून सुटणार, एवढं तिकिटावर असे. मधले आठवडे मोकळे. त्या मोकळ्या आठवड्यांत त्या युरोपभर फिरत. रेल्वेत किंवा बसमध्ये बसायचं, शेजारच्या माणसाला विचारायचं, "तुम्ही कुठं उतरणार?" आणि तो जे गाव सांगेल तिथे त्याच्यासोबत उतरायचं. फिरण्याची अशी रीत मी दुसऱ्या कोणाची ऐकलेली नाही.

ही रीत त्यांना युरोपने शिकवली नव्हती, आमच्या एसटीने शिकवली होती.

मॅडम अमेरिकेच्या. साठीला टेकलेल्या, उंच, खांद्यात थोड्या वाकलेल्या. नाशिकबाहेरच्या एका निवासी शाळेत त्या इंग्रजी आणि संगीत शिकवायच्या आणि पाथर्डी फाट्याजवळ आमच्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायच्या. शाळेने त्यांना आवारातच घर देऊ केलं होतं, पण तिथून रस्त्यावरच्या बस दिसत नाहीत म्हणून त्यांनी ते घेतलं नाही. पप्पा अंबडच्या एका कंपनीत कामाला, आई घर सांभाळून चार डबे करणारी, दादा पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर, आणि मी. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली.

आता मॅडम नाशिकमध्ये नाहीत. शाळेतली नोकरी संपल्यावर त्या अमेरिकेत बहिणीकडे गेल्या. त्यांच्याबद्दल लिहायला मी योग्य आहे का, याची मला खात्री नाही. त्यांच्या आधीच्या आयुष्यातलं मला फार थोडं माहीत आहे. लग्न, मुलंबाळं, असलं आम्ही विचारलं नाही. आईने एकदा धीर करून विचारलं होतं. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ताई, ती गाडी चुकली माझी," आणि डब्याचं झाकण उघडून वास घेत म्हणाल्या, "मेथी?"

एसटीची गोष्ट त्यांनी गच्चीवर सांगितली होती. नाशिकला आल्यावर पहिल्याच महिन्यात त्या पैठणी कशी विणतात ते बघायला येवल्याच्या गाडीत बसल्या. बसल्या म्हणजे उभ्याच राहिल्या, गाडी खच्चून भरलेली. मराठी तेव्हा येत नव्हतं. एका आजीला त्यांची दया आली. आजीने मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोराला सांगितलं, "तिला सांग रे, अशी खांबावानी उभी नको राहू. लोकांना इचार, कुठं उतरणार म्हणून." पोराने मॅडमना ते वाक्य शिकवलं. पण का विचारायचं ते सांगायचं राहिलं. जो आधी उतरणार त्याच्या सीटपाशी जाऊन उभं राहायचं असतं, हे आपल्याला कोणी शिकवत नाही, म्हणून त्यालाही सांगावंसं वाटलं नसेल. मॅडमना वाटलं, या देशात प्रवाशाने प्रवाशाची अशी विचारपूस करायची पद्धत आहे. किती चांगली पद्धत, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी गाडीतल्या एकेकाला विचारलं. ज्यांच्या सीटवर बसायला मिळालं असतं त्यांनाही, आणि उभं राहून घामाघूम झालेल्यांनाही.

एक बाई म्हणाली, "सायखेड्याला." आणि आपण म्हणतो तसं म्हणाली, "या ना आमच्याकडं."

मॅडम गेल्या.

फाट्यावर ती बाई उतरली, तिच्या मागे या. ती दर दहा पावलांवर मागे वळून बघायची आणि पुन्हा चालू लागायची. घरी नवऱ्याने विचारलं, "ही कोण?" बाई म्हणाली, "बसमधी भेटली." नवऱ्याने थोडा वेळ विचार केला आणि खाट बाहेर काढली. त्या रात्री मॅडम पिठलं-भाकरी खाऊन गोदावरीच्या वाऱ्यात झोपल्या. दुसऱ्या दिवशी शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन नाशिकला परत आल्या. येवला राहून गेलं.

"सीटसाठी विचारतात हे मला लय उशिरा कळलं," त्या हसत म्हणायच्या. "तोपर्यंत मला सवय लागली होती, पोरी."

मला त्या 'पोरी' म्हणायच्या. त्यांचं सगळं मराठी आईकडून आणि बसमधल्या बायकांकडून आलेलं होतं. पुस्तकातलं एक वाक्य त्यांना येत नव्हतं.

शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली की त्या निघत. सामान म्हणजे एका साडीच्या दुकानाची कापडी थैली आणि पाठीवरची लहान बॅग. आई त्यांना शिदोरी बांधून द्यायची, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तेलावर परतलेला ठेचा. मॅडम युरोपातल्या गाड्यांमध्ये तो डबा मांडीवर उघडून बसत आणि समोरच्यासमोर धरत. ऑस्ट्रियात एका म्हाताऱ्याने ठेचा हा मुरंबा समजून पावाला जाडसर लावला होता. "मग?" आईने तोंडाला पदर लावून विचारलं. "मग तो दोन स्टेशनं बोलला नाही," मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्या स्टेशनला म्हणाला, आणखी आहे का?"

तिथली माणसं शेजारच्याशी बोलत नाहीत, असं त्या सांगायच्या. कुठं उतरणार, असं विचारलं की आधी ती खिडकीबाहेर बघतात. मग गावाचं नाव सांगतात. आणि एकदा नाव सांगितलं की मग थांबत नाहीत. तिथं माझी शाळा होती, तिथं भावाचं दुकान होतं, आता बंद आहे, चर्चच्या मागं चेरीची झाडं आहेत. गाव येईपर्यंत अर्धं गाव सांगून झालेलं असतं. मग मॅडम त्यांच्यासोबत उतरत. सगळेच घरी नेत असं नाही. बरेच जण स्टेशनाबाहेर हात हलवून आपल्या वाटेने जात. मॅडमना त्याचं काही वाटायचं नाही. त्या बाकावर बसत, एखादी खोली शोधत, आणि त्या माणसाने सांगितलेली चेरीची झाडं बघून येत.

"आधी माणूस उतरतो," त्या म्हणायच्या, "मग गाव दिसतं."

माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी एकदा घरी आल्या होत्या. मॅडम नुकत्याच फ्रान्सहून आल्यात कळल्यावर एकीने विचारलं, "मॅडम, आयफेल टॉवर पाहिला?"

"लांबून. गाडीतून."

"जवळ नाही गेलात?"

"नाय गं," मॅडम अगदी मनापासून म्हणाल्या. "तिथं कोणी उतरलं नाही."

दादा त्यांना चिडवायचा. "मॅडम, तुम्ही युरोपला जाता का पाहुण्यारावळ्यांकडं?" मॅडम म्हणायच्या, "तू कुठं जातोस सुट्टीत?" दादा म्हणायचा, "मामाच्या गावाला." "मग?" त्या म्हणायच्या.

त्या परत आल्या की गच्चीवर संध्याकाळ व्हायची. मी 'व्हायची' म्हणते, कारण एरवी आमच्या गच्चीवर फक्त दिवस मावळायचा. टाकीला टेकून मॅडम बसत, आई निवडायला काहीतरी घेऊन येई, समोर लेण्यांचा डोंगर हळूहळू निळा होई. मॅडम बोलत असल्या की मला तो डोंगर कुठल्या देशात आहे ते कळेनासं व्हायचं. रुमानियात विजेच्या खांबांवर मोठाले पांढरे पक्षी घरटी करतात आणि खालून माणसं सायकलीवर जातात. पोर्तुगालमध्ये एक गाडी नदीच्या इतकी कडेने जाते की खिडकीतून पाणीच चालल्यासारखं दिसतं. हंगेरीत उन्हाळ्यात चेरीचं गार सार करतात.

"गोड का आंबट?" आईने विचारलं.

"दोन्ही. पण जेवणात घेतात, सुरुवातीला."

"मग ते शिकरणच म्हणायचं," आई म्हणाली आणि हंगेरीचं तिचं समाधान झालं.

रुमालाची गोष्ट मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावायची. ती रुमानियातलीच. एका लहान स्टेशनावर गाडी आली, गर्दी होती, खिडक्या उघड्या होत्या. मॅडमनी काहीही विचार न करता नाशिकच्या मेन रोडवर घेतलेला आपला मोठा सुती रुमाल खिडकीतून आत सीटवर टाकला. जागा धरली. मग दारातून रेटारेटी करत आत गेल्या, तर सीटवर तिसराच कोणी बसलेला, आणि एक म्हातारे गृहस्थ तो रुमाल दोन्ही हातांवर घेऊन डब्यात एकेकाला विचारत फिरत होते, हा कोणाचा पडला? त्यांनी त्याची छान चौकोनी घडी घातली होती. रुमाल शोधायला उठले म्हणून त्यांची स्वतःची जागाही गेली होती. मग दोघं उभ्यानेच निघाले. मॅडमनी त्यांना विचारलं, कुठं उतरणार? ते हॉस्पिटलातून बायकोला भेटून गावाकडे चालले होते. मॅडम त्यांच्यासोबत उतरल्या. त्यांच्या अंगणात खांब होता, खांबावर पक्ष्याचं घरटं होतं. म्हाताऱ्याने सार गरम केलं आणि बायकोच्या खुर्चीवर मॅडमना बसू दिलं नाही, दुसरी आणली. "बरोबर केलं त्यांनी," मॅडम म्हणायच्या. प्रत्येक वेळी त्या इथेच थांबायच्या, आणि मग डोंगराकडे बघत बसायच्या.

तिकडे असताना त्या आईला व्हॉइस मेसेज पाठवत. आईला वाचायला वेळ लागतो, म्हणून. आई फोन पिठाच्या डब्यावर उभा करायची आणि पोळ्या लाटता लाटता ऐकायची. मागे चाकांचा आवाज, घंटा, मध्येच कोणी परक्या भाषेत हसलेलं, आणि त्यातून मॅडमचा आवाज, "ताई, हे गाव म्हणजे आपलं सायखेडंच बघा. फक्त नदीत हंस हायेत. इथल्या बाईचेपण गुडघे दुखतात. ती काहीतरी पाला बांधते. मी विचारून ठेवते."

माझं भूगोलाचं पुस्तक वेगळं होतं आणि हा युरोप वेगळा होता. पुस्तकात राजधान्या होत्या, पर्जन्यमान होतं. माझ्या डोक्यात मात्र नकाशाच्या जागी संध्याकाळची एक लांबच लांब गाडी असायची. तिला मधूनमधून दिवे लागलेली लहान स्टेशनं येत आणि प्रत्येक स्टेशनावर एक माणूस उतरत असे. एकदा वर्गात सरांनी डॅन्यूब नदीकाठचं एखादं शहर विचारलं. मी उभं राहून एका खेड्याचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "हे कुठे वाचलंस?" मी म्हणाले, "वाचलं नाही सर, तिथे एक चांभार राहतो." वर्ग हसला. मला त्या दिवशी वाईट वाटलं होतं. आज लिहिताना तसं वाटत नाही.

पाच उन्हाळे असे गेले. सहाव्या उन्हाळ्यात मॅडम नेहमीसारख्या निघाल्या आणि त्या तिकडे असतानाच दादाचं लग्न ठरलं.

स्थळ चांगलं होतं. मुलगी शिकलेली, नर्सिंग केलेली. दोन्हीकडून पसंती झाली आणि जूनच्या शेवटी हॉलही मिळाला. घरात आनंद होता. पण त्याच संध्याकाळी पप्पा जेवताना म्हणाले, "वरच्या खोलीचं काय?" खाली दोनच खोल्या. एका खोलीत आईपप्पा, बाहेरच्या खोलीत मी आणि दादा. नवं जोडपं राहणार कुठे, हे सगळ्यांनाच दिसत होतं. मॅडमची खोली रिकामी करून घ्यावी लागणार होती. आणि मॅडमना हे सांगणार कोण, हे कोणालाच दिसत नव्हतं.

आईने चार दिवस मेसेजला नुसतं "बरं बरं, जपून" एवढंच उत्तर दिलं. मग म्हणाली, "माझ्यानं नाय व्हायचं."

"दादा सांगेल," पप्पा म्हणाले.

"मी?" दादा म्हणाला. "माझंच लग्न आणि मीच सांगू, निघा म्हणून?"

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. पप्पा म्हणाले, "तू सांग. कॉलेजला जाती. इंग्रजीत सांग."

"पप्पा, त्यांना मराठी येतं."

"येतं म्हणूनच म्हणतोय," पप्पा म्हणाले आणि ताटाकडे बघत राहिले.

मला त्यांचं म्हणणं समजलं. मराठीत ते वाक्य आमच्या घरातलं झालं असतं. इंग्रजीत ते कुठल्याशा ऑफिसातून आल्यासारखं वाटलं असतं, आमच्या तोंडून निघूनही आमचं नसल्यासारखं. मी दोन दिवस मनात इंग्रजी वाक्यं जुळवली. रविवारी सकाळी फोन लावला. आई गॅसपाशी पाठ करून उभी होती. पातेल्यात काही नव्हतं, तरी ढवळत होती.

मॅडम गाडीत होत्या. चाकांचा आवाज येत होता. मी इंग्रजीत सुरुवात केली. आम्ही तुमचे फार आभारी आहोत, अशी. दुसऱ्याच वाक्याला मॅडम म्हणाल्या, "काय झालं गं? कोणाला बरं नाय का?"

मी पुन्हा इंग्रजीत काहीतरी म्हणाले. काही बदललेल्या परिस्थितीमुळे, असं.

"पोरी," त्या म्हणाल्या, "ताईंना दे, नाहीतर नीट बोल. मला भीती वाटते."

मग मी मराठीत सांगितलं. दादाचं लग्न ठरलं. जूनच्या शेवटी आहे. खोली लागेल. तीन वाक्यं झाली फक्त. तिकडून बराच वेळ नुसती गाडी ऐकू आली.

"मुलगी कुठली?" मॅडमनी विचारलं.

"येवल्याची."

"येवल्याची," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. पण ते हसू नेहमीचं नव्हतं, मधेच थांबलं. "बरं. बरं झालं. ताईंना सांग, लय आनंद झाला." आणि फोन ठेवला.

त्या आठवड्यात आईला एकही मेसेज आला नाही. आणि एक दिवस, सुट्टी अजून निम्मी बाकी असताना, मॅडम फाटकात उभ्या होत्या. इतक्या लवकर त्या कधीच परतल्या नव्हत्या. आई धावत गेली आणि त्यांच्या हातातली थैली घेऊन तशीच उभी राहिली. बोलली मात्र एवढंच, "वाळलात हो बाई."

आईने त्याच दिवशी तोडगा काढला होता. मॅडमनी खाली बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ राहावं. दादाची कॉट रिकामी होणारच होती. मॅडमनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको ताई. नवी मुलगी येणार. तिला आधी घर नीट दिसू दे. बाहेरच्या खोलीत एक म्हातारी गोरी बाई झोपलीय, हे तिला कशाला पहिल्याच दिवशी?"

"तुम्ही काय परक्या?" आई म्हणाली.

"तिला मी परकीच ना. हळूहळू होईन."

आणि त्यांनी दादाकडून मुलीचा नंबर मागून घेतला. खोलीला कुठला रंग आवडेल ते विचारायला. वहिनी, म्हणजे तेव्हा व्हायची होती, लाजून म्हणाली, कोणताही चालेल. मॅडम म्हणाल्या, कोणताही हा रंग दुकानात मिळत नाही. शेवटी फिका पिस्ता ठरला. रंगारी बोलवायला त्यांनी नकार दिला. मी आणि त्या, दोघींनीच भिंती खरवडल्या, पुट्टी भरली, रंग दिला. मॅडम वरचा भाग करायच्या, उंच असल्यामुळे, आणि मी खालचा. कामाच्या तिसऱ्या की चौथ्या दिवशी, भिंतीकडे तोंड असतानाच त्या म्हणाल्या, "तुझा फोन आला तेव्हा मी कुठं होते, विचारलं नाहीस."

"कुठे होतात?"

"पोलंडमध्ये. माझ्या समोर एक बाई होती, तिच्या टोपलीत कोंबडीची पिल्लं होती. मी विचारलं होतं तिला, कुठं उतरणार. तिनं सांगितलं. या म्हणाली. मग तुझा फोन आला." त्यांनी ब्रश डब्यात बुडवला, काठावर निथळला. "तिचं गाव आलं. ती उठली, माझ्यासाठी थांबली. दारात उभी राहून माझ्याकडं बघत होती. मी नाय उतरले."

मी खालची भिंत रंगवत राहिले.

"गाडी पुढं गेली. मी बसून राहिले, शेवटपर्यंत. शेवटचं स्टेशन कधी बघितलं नव्हतं मी. तिथं काहीच नसतं गं. रूळ असतात, गवत असतं. झाडूवाला येऊन म्हणाला, बाई, संपलं." त्या पुन्हा भिंतीला रंग लावू लागल्या. "मला कळलं, मी कुठंपण उतरू शकत होते, कारण इथं वर ही खोली होती. खाली ताईंचा कुकर वाजत होता. हे मला आधी माहीत नव्हतं. बघ, तिथं खाली राहिलंय, कोपऱ्यात."

मी कोपऱ्यात रंग लावला. ओल्या रंगात भिंत नीट दिसत नव्हती.

पुढचे दिवस खोल्या बघण्यात गेले. परदेशी माणूस म्हटलं की काही जण फोनवरच नाही म्हणायचे. काही जण दाखवायचे आणि नंतर कळवतो म्हणायचे. आई दररोज विचारायची आणि मिळाली नाही म्हटलं की तिचा चेहरा एकाच वेळी पडायचा आणि उजळायचा. पण लग्न जवळ येत होतं. पाहुणे यायचे होते, कपाट वर चढवायचं होतं. खोली मिळाली नसती तर मॅडम शाळेच्या आवारातल्या घरात गेल्या असत्या. तिथे त्या आनंदात राहतील असं आमच्यापैकी कोणालाही वाटत नव्हतं.

इंदिरानगरला एका घरात पहिल्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. मालक बँकेतून निवृत्त झालेले काका होते, हातात किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजून. खोली चांगली होती. खिडकीतून रस्ता दिसत होता, आणि मॅडम आत शिरल्याबरोबर खिडकीपाशीच जाऊन उभ्या राहिल्या. खाली सिटी बसचा थांबा होता. काका मला म्हणाले, "पोलिसांत कळवावं लागतं, ते मी बघेन. मला बाकी काही अडचण नाही. पण यांचं इथलं माणूस कोण? उद्या आजारीबिजारी पडल्या तर मी कोणाला बोलवायचं?"

"आम्हाला," मी म्हणाले. "आम्ही आहोत काका. इतकी वर्षं त्या आमच्याकडेच राहतात."

काकांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडेच राहतात. मग काढता का तुम्ही त्यांना?"

मी तोंड उघडलं. इंग्रजीतलं ते वाक्यसुद्धा आठवेना, बदललेल्या परिस्थितीचं. काका उत्तराची वाट बघत होते आणि त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता.

मॅडम खिडकीपासून वळल्या. ओढणी खांद्यावर सारखी केली.

"काढतंय कोण?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं सून येतेय. जागा नाय पुरत."

भाजीवाल्यापाशी उभ्या राहून आमच्या गल्लीतल्या बायका हेच वाक्य याच सुरात म्हणतात. वरून तक्रार, आतून मिरवणं. मॅडमना ते कोणी शिकवलेलं नव्हतं, ऐकून ऐकूनच आलं असणार. काकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. इतकी वर्षं घरं भाड्याने देणाऱ्या माणसाला हे कारण नवीन नव्हतं.

"असं होय," ते म्हणाले. "मुलगी कुठली केली?"

"येवल्याची. नर्सिंग झालंय तिचं. लाजते जरा, पण हुशार हाय."

"चांगलं झालं. येवल्याची माणसं चांगली असतात." काकांनी मोरीतला नळ सोडून दाखवला. पाण्याला जोर होता. "सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा येतं. मग काय, नक्की करायचं का?"

मॅडमनी पाण्याखाली हात धरून बघितला. खिडकीतून खाली आणखी एकदा पाहिलं. मग काकांकडे वळून म्हणाल्या,

"घरी विचारून सांगते."